झुळुकेचं माहेरपण

कंपनीत त्यांना सगळे मलमबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागे इतक्या मोठ्याने म्हणत की तोंडावर म्हटल्यासारखंच व्हायचं. बाईंना त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता. मोटारसायकली बनवणाऱ्या एवढ्या मोठ्या कारखान्यात नट पिळणारे शेकड्याने होते, शब्द पिळणाऱ्या त्या एकट्याच.

गिऱ्हाइकांना जाणारी प्रत्येक सूचना मराठीत लिहायची, हे त्यांचं काम. लिहायची ती अशी की वाचणाऱ्याला वाईट बातमी कळावी, पण वाईट वाटू नये. पुढे पुढे, कळली नाही तरी चालेल पण वाईट वाटू नये, इथवर मजल गेली. एका गाडीची टाकी पाझरायला लागली तेव्हा बाईंनी लिहिलं होतं, ‘इंधनाचा किंचित सुगंध येणे स्वाभाविक आहे.’ दुसऱ्या एका गाडीची सीट इतकी कडक निघाली की माणूस घरी जाऊन उभ्याने जेवायचा. तिच्या पुस्तिकेत बाईंनी लिहिलं, ‘ताठ बसण्याची सवय लावणारी बैठक.’ हॉर्न वाजेनासे झाले, तर ‘शांत प्रवासाचा अनुभव’. मोठे साहेब एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते, ‘‘आमच्या बाई मेलेल्या माणसालासुद्धा निवांत पडलाय म्हणतील.’’ टाळ्या वाजल्या होत्या. बाईंनी मान लववून त्या स्वीकारल्याही होत्या.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या शेजारी. खिडकीतून खालचं आवार दिसायचं. तिथे नव्या गाड्या प्लॅस्टिक पांघरून रांगेने उभ्या असत. त्यांत सगळ्यात जास्त खपणारी गाडी म्हणजे ‘झुळूक’. नाव बाईंनीच ठेवलेलं. त्यांच्या घरीही एक होती, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत घेतलेली.

तर एका सकाळी बाईंना बैठकीला बोलावणं आलं. खोलीत मोठे साहेब होते, कंपनीचे वकील होते आणि गिअरचे इंजिनीअर होते. इंजिनीअर म्हणजे काडीपैलवान माणूस, बोलायला लागला की खिशात हात घालायचा. त्या दिवशी त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक गिअर काढला आणि टेबलावर ठेवला.

‘‘झुळुकेच्या गिअरपेटीत घोळ आहे,’’ ते म्हणाले. ‘‘एका खेपेचं पोलाद मऊ निघालं. दात झिजतात. झिजले की चौथ्यातून तिसऱ्यात टाकताना दोन गिअर एकदम पकडतात. पकडले की मागचं चाक जागच्या जागी थांबतं.’’

‘‘मग?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘मग काय? चाक थांबतं, माणूस थांबत नाही.’’

वकिलांनी चष्मा काढून पुसला. ‘‘असे न थांबलेले किती?’’

‘‘दहा-बारा तरी. हातपाय मोडलेत. कुणी दगावलं नाही अजून.’’

‘‘हातपायच ना,’’ साहेब म्हणाले आणि खुर्चीत जरा सैल झाले.

पण कायद्याने गाड्या परत बोलावणं भाग होतं. तसं जाहीर करणंही भाग होतं. तिथून पुढे दोन तास गिअरबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. सगळी चर्चा शब्दावर. ‘परत बोलावणे’ वकिलांना नको होतं. ‘परत’ म्हटलं की लोक पैसे परत मागतात. ‘दोष’ तर ओठांवरसुद्धा आणायचा नाही. छापलेला दोष कोर्टात दिसतो. ‘तपासणी’ साहेबांना नको, त्यांना डॉक्टर आठवतो. ‘फेरजुळणी’ कुणालाच कळलं नाही, म्हणून ते काही वेळ सगळ्यांना आवडलं होतं.

शेवटी बाई सहज बोलल्यासारखं बोलल्या. ‘‘गाडी जिथे जन्माला आली तिथे चार दिवस यायची. तिचे लाड व्हायचे, जुनं काढून नवं मिळायचं आणि मग ती आपल्या घरी परत जायची. आपल्याकडे याला चांगला शब्द आहे की. माहेरपण.’’

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं. वकिलांनी शब्द जिभेवर घोळवून पाहिला; त्यात कुठेच काही कबूल केलेलं सापडेना. ते हसले, आणि वकील हसले म्हणजे प्रश्न मिटला.

‘‘पण यात गाडी चालवू नका, असं कुठे येतं?’’ इंजिनीअरांनी विचारलं.

‘‘शेवटी एक ओळ टाकते,’’ बाई म्हणाल्या आणि तिथेच लिहून दाखवली: ‘तोवर गाडी जपून चालवावी.’

वकिलांनी ‘जपून’वर काट मारली. जपून म्हटलं की धोका आला. बाईंनी पेन दातांत धरून क्षणभर विचार केला आणि ओळ नव्याने लिहिली: ‘तोवर गाडी चालवण्याचा आनंद घेत राहा.’

इंजिनीअरांनी गिअर पुन्हा रुमालात गुंडाळला. ‘‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, साहेब.’’

‘‘कोंबडं कुणाचं ते आधी ठरू द्या,’’ वकील म्हणाले. ‘‘आणि हो, तक्रारीचा फोन आला की पहिला प्रश्न एकच विचारायचा. तेल कोणतं घालता?’’

‘‘तेलाचा यात काडीचा संबंध नाही!’’

‘‘माहीत आहे. पण विचारायला काय जातंय?’’

वड्याचं तेल वांग्यावर काढतात हे सगळ्यांना माहीत असतं. इथे गिअरचं खापर तेलावर फोडायचं ठरलं, आणि त्यासाठी खालच्या फोनच्या खोलीत बसणाऱ्या मुलींना छापील प्रश्न दिले गेले. गिऱ्हाईक म्हणालं, कंपनीचंच तेल घालतो, तर विचारायचं, शेवटचं कधी बदललं? म्हणालं, दुसरं घालतो, तर नुसतं ‘अरेरे’ म्हणायचं. म्हणालं, मला माहीत नाही, मेकॅनिक घालतो, तर म्हणायचं, ‘तिथेच चुकलं बघा.’ या प्रश्नांना बरोबर उत्तर नव्हतं. फोन ठेवताना प्रत्येक माणसाला वाटायचं, आपणच कुठेतरी माती खाल्ली.

आता बाईंच्या घरचं सांगायला हवं, कारण खरी अडचण तिथेच होती.

बाईंच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. साऱ्या गावाला नंबर काढून देणारा माणूस. स्वतःला मात्र जगात एकच गोष्ट दिसायची, तेल. गाडीचं सगळं तेलावर असतं, हा त्यांचा सिद्धांत. मागे कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी झुळुकेत मोटारीचं तेल ओतलं होतं, सगळ्यात महागाचं. माणसाने पायात घालायचं ते डोक्यावर घालावं, तसला प्रकार. मोटारसायकलीत एकच तेल इंजिनाला, क्लचला आणि गिअरला पुरतं. मोटारीचं तेल जास्त निसरडं, त्यात क्लचच्या प्लेटा घसरतात. व्हायचं तेच झालं. इंजिन बोंबलायचं आणि गाडी चढावर पाय ओढत चालायची. यजमान म्हणायचे, ‘‘बघ, किती मऊ चालते!’’ शेवटी मेकॅनिकने तेल काढून टाकलं, डब्यावर मोटारसायकलीचं चित्र असलेलं तेल भरलं आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. त्यातून यजमान शहाणे व्हायला हवे होते. ते उलट पक्के झाले. ‘‘मी म्हणत नव्हतो? सगळा खेळ तेलाचा!’’

या झुळुकेवर ते रोज सकाळी लेकीला कॉलेजला सोडायचे. लेकीला घरात चिमी म्हणत. मागे बसून एका हातात पिशवी, एका हातात फोन आणि बापाला धरायला तिसरा हात नाही, अशी तिची बसण्याची तऱ्हा.

बैठकीच्या दिवशी बाई घरी आल्या. त्यांनी यजमानांना चहा दिला आणि म्हणाल्या, ‘‘अहो, झुळुकेची तब्येत जरा नाजूक आहे म्हणे.’’

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘ऑफिसात विषय निघाला होता. गिअर जरा संवेदनशील झालेत.’’

‘‘तेल!’’ यजमान म्हणाले आणि बशीत चहा ओतला. ‘‘लोक कुठलंही तेल घालतात आणि मग गिअरच्या नावाने रडतात. आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो, आपल्याला काही होत नाही.’’

बाईंना वाटलं, आपण सांगितलं. हीच तर गंमत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जखमांवर मलम लावता लावता त्यांच्या जिभेलाच मलम लागलं होतं. ‘धोका’ म्हणायला तोंड उघडावं, तर ‘काळजी घेण्याची संधी’ बाहेर पडायचं. मनात मात्र रोज सकाळी एकच हिशेब चालायचा. आत्ता ते पुलावर पोचले असतील, आत्ता उतार लागला असेल, उतारावर ते चौथ्यातून तिसऱ्यात टाकतात. चिमीचा ‘पोचले’ असा निरोप येईपर्यंत त्यांच्या घशाखाली पाणी उतरायचं नाही.

काही दिवसांनी ती सूचना घरोघरी पोचली. यांच्याही घरी आली. यजमानांनी ती मोठ्याने वाचून दाखवली: ‘आपल्या लाडक्या झुळुकेला माहेरची ओढ लागली आहे. तिला चार दिवस आमच्याकडे पाठवा. तिचे कोडकौतुक करून, तिला ताजीतवानी करून आम्ही आपल्या घरी परत पाठवू. तोवर गाडी चालवण्याचा आनंद घेत राहा.’

‘‘वा!’’ त्यांनी कागद पुन्हा एकदा वरून खाली वाचला. ‘‘कुणी लिहिलंय गं?’’

‘‘मीच.’’

‘‘काय हात आहे तुझा! नाहीतर या कंपन्या. गाडी विकली की ओळख विसरतात.’’

‘‘मग कधी नेताय?’’

‘‘नेऊ की सवडीने. आत्ता चिमीचं कॉलेज, दुकानात गर्दी. तीच माहेरी जाऊन बसली तर आमचं इथे कसं चालायचं?’’

हे वाक्य बाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. लग्न झाल्यापासून दर वर्षी त्या ते ऐकत आल्या होत्या, फक्त तेव्हा ते गाडीबद्दल नसायचं. त्यांना झर्रकन राग आला. आणि रागापाठोपाठ भीती आली, कारण त्यांना एकदम कळलं की आपण काय करून ठेवलंय. माहेरी पाठवायची घाई कुणाला असते? माहेरपण म्हणजे सगळी कामं उरकल्यावर, कुणाचं अडत नसेल तेव्हा, पुढच्या महिन्यात, बघू. अख्ख्या भाषेत याहून निवांत शब्द नव्हता, आणि तोच त्यांनी हुडकून काढला होता.

झालंही तसंच. येणारे मोजकेच आणि जे येत ते भलत्याच आशेने. एकाने विचारलं, माहेरून परत येताना नवं सीटकव्हर मिळतं का? दुसऱ्याला हेल्मेट हवं होतं. एका आजोबांनी फोन करून बजावलं की आमची गाडी सासरी सुखात आहे, तुम्ही उगाच तिचे कान भरू नका. बाकीच्यांनी कागद फ्रिजवर लावला, कपाटात ठेवला, पोरांनी त्याच्या होड्या केल्या. मोठे साहेब खूश होते. ‘‘गिऱ्हाईक किती शांत आहे बघा. ओरड नाही, काही नाही. बाई, कमाल केलीत.’’

आणि मग एक दिवस दारात पाववाला येऊन उभा राहिला.

खालून कुणीतरी चुकीचा मजला सांगितला होता. चाळिशीतला माणूस, उजवा हात खांद्यापासून प्लॅस्टरमध्ये, पुढचा एक दात अर्धा. सदऱ्याला भट्टीचा वास. डाव्या हातात सूचनेचा कागद, घड्यांवर चिरलेला.

‘‘ताई, ते माहेरपणाचं खातं इथंच का?’’

‘‘तळमजल्यावर. बसा ना, दादा. हाताला काय झालं?’’

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. ‘‘पडलो. पावांच्या जाळ्या घेऊन चाललो होतो. उतारावर गिअर कमी केला आणि गाडी एकदम अशी…’’ त्याने डावा हात हवेत थांबवला. ‘‘मी पुढं, पाव सगळीकडं. नशीब, धाकटा मागं नव्हता. सुट्टी असली की बसतो तो मागं.’’

‘‘पडण्याआधी आमचा कागद मिळाला नव्हता तुम्हाला?’’

‘‘मिळाला होता की. घरच्यांनी वाचला. बायको म्हणाली, बघा, किती मायेनं लिहिलंय. म्हटलं, पुढच्या महिन्यात धंदा जरा मंद असतो, तेव्हा पाठवू.’’ तो ओशाळून हसला, अर्धा दात दिसला. ‘‘तुमची चूक नाही हो ताई. माझंच चुकलं. तुमच्या इथल्या मुलीनं फोनवर विचारलं, तेल कुठलं? मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानातलं, जरा स्वस्त असतं ते. ती अरेरे म्हणाली. तेव्हा कळलं. दोन पैसे वाचवायला गेलो आणि हात मोडून बसलो. बायको बोलत नाही माझ्याशी. म्हणते, तेलात कंजूषी केलीत, पोरगं मागं असतं तर?’’

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांना म्हणायचं होतं, दादा, तेलाचं काही नव्हतं. तोंड उघडलं आणि निघालं, ‘‘लवकर बरे व्हा.’’

‘‘होणार की,’’ पाववाला म्हणाला. ‘‘एकच विचारायचं होतं. आता बरा झाल्यावर तेल कुठलं घालू? म्हणजे पुन्हा चूक नको.’’

बाईंनी त्याचा फोन नंबर मागून घेतला. विचारून कळवते म्हणाल्या. तो जिन्याने खाली गेला तरी भट्टीचा वास खोलीत रेंगाळत होता. त्या दिवशी बाईंनी एक ओळ लिहिली नाही. त्यांना स्वतःची किळस आली होती. या किळसेला गोड शब्द सापडत नव्हता, आणि सापडू नये असंच त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी ठरवलं, आज सरळ सांगायचं. जेवताना म्हणाल्या, ‘‘अहो, उद्या बसने गेलात तर?’’

‘‘का?’’

‘‘हवा छान आहे.’’

यजमानांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि भाजी वाढून घेतली. ‘‘छान हवेत गाडी सोडून बसने?’’

सकाळ झाली. यजमानांनी झुळूक फाटकाबाहेर काढली. चिमी मागे बसली, एका हातात पिशवी, एका हातात फोन. समोर शिंपी दुकानाची फळी काढत होता. त्याची झुळूक शेजारीच उभी होती. कोपऱ्यावरचा किल्ल्या बनवणारा आपली झुळूक पुसत होता. बाई अर्धी वेणी हातात धरून बाहेर आल्या.

‘‘अहो, थांबा जरा.’’

‘‘आता काय?’’

‘‘नाही म्हणजे… ते गिअरच्या बाबतीत… चाकाला अनपेक्षित स्थिरता येण्याची शक्यता…’’

‘‘स्थिरता? मग चांगलंच आहे की!’’ यजमान म्हणाले आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.

खट्ट आवाज झाला. रोज होतो तेवढाच. पण बाईंना त्या आवाजात रुमालातला गिअर दिसला, हवेत थांबलेला हात दिसला, रस्ताभर पाव दिसले आणि त्यांच्या मागे चिमी दिसली. त्यांच्या हातातली वेणी सुटली. त्या गाडीपुढे जाऊन हँडल धरून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, ‘‘चिमे, उतर! उतर आधी खाली! मरशील!’’

चिमीच्या हातून फोन पडला.

‘‘अगं, पण मी तेल…’’ यजमान सुरू झाले.

‘‘तेल लावत गेलं तुमचं तेल! ही गाडी चालता चालता चाक धरते! माणूस फेकला जातो, मरतो! कळलं? मरतो!’’

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेकीला बोललं आणि सगळ्या गल्लीला लागलं. शिंप्याच्या हातातली फळी हातातच राहिली. त्याने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा आपल्या गाडीकडे, आणि तिच्यापासून दोन पावलं मागे सरला.

यजमानांनी इंजिन बंद केलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. ‘‘पण त्या कागदात तर असं काही नव्हतं.’’

‘‘नव्हतं,’’ बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. ‘‘मीच नव्हतं लिहिलं.’’

झुळूक ढकलत तिघंही कारखान्याकडे निघाली. यजमान हँडलला, चिमी मागून आणि बाई विस्कटलेल्या केसांनी बरोबर. मागोमाग शिंपी, त्याच्यामागे किल्लीवाला. वाटेत जो झुळूकवाला भेटे तो विचारी, पेट्रोल संपलं का? शिंपी सांगे, ‘‘छे हो! मरतो म्हणे माणूस. कंपनीतल्या बाईच सांगतायत.’’ ऐकणारा खाली उतरून ढकलायला लागे. दुपारपर्यंत कारखान्याच्या फाटकाशी गाड्यांची अशी दाटी झाली की मोठ्या साहेबांची मोटार आत येईना. चार कागदी वाक्यांना जे महिनाभर जमलं नाही, ते एका शब्दाने दुपारच्या आत केलं.

आवारात इंजिनीअर बाह्या सरसावून बसले होते. इतके आनंदात त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी पहिली गिअरपेटी उघडली ती बाईंच्या घरचीच. चौथ्या गिअरचे दात चोखलेल्या गोळीसारखे गुळगुळीत झाले होते. यजमानांनी वाकून, चष्मा वर-खाली करून नीट पाहिलं.

‘‘तेल तर स्वच्छ आहे हो,’’ ते हळूच म्हणाले.

‘‘उत्तम आहे तेल,’’ इंजिनीअर म्हणाले. ‘‘पण चणे चांगले असून काय करता, दात पडल्यावर?’’

यजमानांनी चिमीचा हात धरला, आणि ती मोठी झाल्यापासून पहिल्यांदाच तिने तो सोडवून घेतला नाही.

वर तिसऱ्या मजल्यावर वकील येरझाऱ्या घालत होते. ‘‘बाई, ‘मरशील’ हा शब्द कंपनीतून गेला का?’’

‘‘नाही. घरातून.’’

‘‘तोंडी की लेखी?’’

‘‘तोंडी. सगळ्या गल्लीदेखत.’’

वकील मटकन खाली बसले. साहेब खिडकीतून गर्दीकडे बघत होते. ‘‘नवीन सूचना काढावी लागणार. बाई, लोक जरा थंड होतील असं काहीतरी लिहा.’’

बाईंनी कागद ओढला. या खेपेला पेन दातांत धरलं नाही. लिहिलं: ‘झुळूक चालवू नका. मागचं चाक अचानक थांबतं. माणूस पडतो, मरूही शकतो. गाडी ढकलत आणा, नाहीतर आम्हाला बोलवा. चूक आमची आहे, तेलाची नाही.’

साहेबांनी वाचलं, खाली गर्दीकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. गर्दी त्या मजकुराशी सहमत दिसत होती. वकिलांनी जड मनाने सगळं ठेवलं. प्रत्येक वाक्याच्या आधी ‘कृपया’ घालावं, एवढा आग्रह धरला, पण ‘कृपया माणूस मरूही शकतो’ हे वाचल्यावर तोही सोडला. शेवटच्या ओळीवर मात्र त्यांनी काट मारली, एकदा नाही, तीनदा.

‘‘ही ओळ छापायची नाही. काहीही झालं तरी.’’

‘‘बरं,’’ बाई म्हणाल्या.

छापायची नाही म्हणाले होते. बोलायची नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं. बाई जिना उतरून फोनच्या खोलीत गेल्या. एका मुलीला म्हणाल्या, ‘‘जरा सरक गं,’’ आणि तिच्या खुर्चीत बसून पाववाल्याचा नंबर फिरवला. मुलीच्या पुढ्यातला छापील प्रश्नांचा कागद त्यांनी पालथा घातला.

‘‘ताई, तुम्ही?’’ पलीकडून आवाज आला. ‘‘कळलं का तेलाचं? कुठलं घालू?’’

‘‘दादा, डब्यावर मोटारसायकलीचं चित्र बघून घ्या, तुमच्या पुस्तिकेत जो नंबर दिलाय तोच बघा, स्वस्त असो की महाग. पण तुम्ही पडलात ते तेलाने नाही. गिअर खराब होता. आम्हीच तो खराब बसवला होता. तुमचं काही चुकलं नाही. चूक आमची होती.’’

बाईंना वाटलं, आता शिव्या येणार, आणि याव्यात असंही वाटलं. खोलीतल्या सगळ्या मुली आपापले फोन सोडून त्यांच्याकडे बघत होत्या.

‘‘ताई,’’ पाववाला शेवटी म्हणाला, ‘‘एवढं जरा माझ्या बायकोला सांगता का? मी फोन देतो.’’

खुडबुड झाली. मग एक बाईमाणूस फोनवर आलं. बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं, तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

‘‘म्हणजे ह्यांचं काहीच चुकलं नव्हतं?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘अगं बाई. इतके दिवस मी ह्यांच्याशी बोललेसुद्धा नाही हो. आता काय म्हणू मी ह्यांना?’’

मलमबाईंनी उभा जन्म लोकांना शब्द पुरवले होते. या बाईसाठीही त्यांच्याकडे छान, गोड, गोल असे पुष्कळ होते. त्यांनी ते सगळे गिळले.

‘‘माझं चुकलं म्हणा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पहिल्यांदा घसा धरतो. मग येतं.’’